मापाचा दिवस

मे महिना, मारामुरेशचे डोंगर. उतारावर अजून बर्फाचे दोन-चार तुकडे,
कुणी धुणं वाळत घालून विसरून गेल्यासारखे.
सगळं गाव वर चढून आलंय.
पाद्रीबाबा पाणी शिंपडून मोकळे झाले.
आता उरल्या मेंढ्या, उरली माणसं,
आणि मधोमध गावरिला, हातात हेझेलची काठी.

आज ज्या घरच्या मेंढ्या जेवढं दूध देतील
त्या हिशेबानं त्या घराला चीज, सबंध उन्हाळ्याचं.
एका संध्याकाळच्या धारेवर पाच महिने.
म्हणून आज कुणी कुणाशी फारसं बोलत नाही.

म्हणून तर संत जॉर्जच्या आदल्या रात्री
दारादारावर रानगुलाबाचे काटे खोचतात.
दुसऱ्याच्या दुधातलं सत्त्व पळवणाऱ्या बायका
असतात म्हणे गावात.
माझ्या तोदोसिया मावशीबद्दलही म्हणत,
तिची एक मेंढी तिघींचं दूध द्यायची तेव्हा.
आता तिच्या बोटांची पेरं सुजलीत
आणि कुणी काहीच म्हणत नाही.
तिला त्याचंच वाईट वाटतं.

"यंदा तू काढ," म्हणाली.

मी अकरा वर्षं उदिनेत, इटलीत.
परक्या म्हाताऱ्यांना आंघोळ घालते,
त्यांच्या गोळ्या वारानुसार डबीत लावते,
दिवसातून चाळीसदा हात धुते, वर लव्हेंडरचं क्रीम.
पहिल्याच मेंढीनं वास घेतला
आणि पान्हा चोरला.
बादलीत दोन थेंब. टण्.
टण्.
मागं कुणीतरी खोकलं.
गावरिला आभाळाकडं बघत राहिला,
जणू त्याचं तिथं काही काम होतं.

मावशी वाकली. माझे दोन्ही हात धरून
ओल्या लेंड्यांत, घामट लोकरीत चोळत राहिली,
सिन्योरा बेर्तोसीच्या घरचा सगळा साबण उतरेपर्यंत.
"आता सांग तिला, तू कुणाची ते."

कसं सांगतात?
मी मेंढीच्या पोटाला कपाळ टेकवलं.
आत पाणचक्की फिरावी तसा आवाज.
मग आठवलं. मला नाही,
आधी अंगठ्याला.

तिन्ही मेंढ्या मिळून साडेतीन खाचा.
गावरिलानं काठी दुधात उभी बुडवली, वर काढली,
ओली रेघ नखानं धरून ठेवली,
दुसऱ्या एका काठीवर तेवढ्याच खाचा कोरल्या
आणि ती मधोमध उभी चिरली.
एक फाळकं त्याचं, झोपडीतल्या धुरात टांगायला.
एक आमचं.
सही नाही, शिक्का नाही.
खोटं बोलायचंच झालं
तर दोन्ही लाकडांना एकदम बोलावं लागेल.

"साडेतीन," मावशी म्हणाली. "माझ्या नऊ असायच्या."
मग अगदी हळू,
पण शेजारच्या पलागियाला ऐकू जाईल इतपतच हळू:
"अकरा वर्षांनी हात लावला पोरीनं. आणि साडेतीन!
आमच्या घराण्यातच आहे बाई काहीतरी."
पलागियानं क्रूस काढला, उलट्या हातानं.

आमचं फाळकं आता उदिनेत,
गोळ्यांच्या कप्प्यात.
सिन्योरानं एकदा विचारलं, हे काय गं?
म्हटलं, पासबुक.
तिनं ते नाकाशी धरलं, बराच वेळ,
आणि त्या दुपारी पहिल्यांदाच
स्वतःच्या आईचं नाव सांगितलं मला.

ऑक्टोबरात मिनीबसवाला पार्सल देऊन गेला.
कष्टाचं चीज: फडक्यात बांधलेलं, धुरकट,
दोन किलो. बाकीचं मावशीकडं.
रात्री तिचा फोन.
पलागिया म्हणे आत्तापासूनच सांगत फिरतेय,
येत्या वसंतात दारावर दुप्पट काटे लावणार.
मावशी हसत होती, मधेच खोकत होती,
"दुप्पट," पुन्हा म्हणत होती, "दुप्पट गं,"
आणि पैसे संपत आले तरी
फोन ठेवत नव्हती.