चतुःसीमा

रिवण सोडलं की चढ सुरू होतो.
आधी मांड्यांना कळतं, मग श्वासाला,
डोळ्यांना सगळ्यांत शेवटी.
रस्ता त्यांना सपाटच दिसत असतो.
मी दोन गिअर खाली येते
आणि कुणी पाहत नाही म्हणून
तोंड उघडं टाकून दम खाते.

जानेवारी. सकाळचे सात.
पोदेर मघाशीच उलट दिशेने उतरून गेला,
त्याचा भोंपू दोन वळणं मागे राहिला.
आता फक्त चेन, तिचं तेल मागणारं कुरकुरणं,
आणि डाव्या अंगाच्या कुळागरात
पाटाचं पाणी.

या वाटेने पूर्वी खाणीचे ट्रक जायचे.
किंदळांच्या खोडांवर पुरुषभर उंचीपर्यंत
ती लाली अजून आहे.
वरची पानं मात्र विसरली.

माझं वय एकोणपन्नास. केप्याच्या निबंधक कचेरीत
बावीस वर्षं मी लोकांच्या जमिनी टाइप करते:
पूर्वेस ओहोळ, पश्चिमेस सार्वजनिक पायवाट,
उत्तरेस अमक्याची बागायत, दक्षिणेस तीच मिळकत.
सायकल दिवाळीनंतर घेतली. डॉक्टर म्हणाले होते, चाला.
चालताना मला हिशेब सुचतात,
सायकलवर सुचत नाहीत. एवढंच.

उतार.
बोटं ब्रेकवर, पण दाबत नाही.
एका वळणावर साचलेली थंडी अंगावर येते,
विहिरीत वाकून पाहावं तशी,
पुढच्या वळणावर पुन्हा ऊन.
वरून धनेश जातो. आधी आवाज,
कुणी सुपाने वारा घालावा तसा,
मग ती जड चोच, मग काही नाही.

आणि झाडं एकदम संपतात.

साळावलीचं पाणी.
नवा रस्ता शहाण्यासारखा उजवीकडे वळतो.
जुना वळत नाही.
जुना खाली उतरतो, सरळ, न अडखळता,
पाण्यात.
पाटी नाही, आडवे दगड नाहीत.
डांबर ओलं होतं, मग शेवाळी, मग दिसत नाही.
पुढचं चाक आसापर्यंत बुडलं
तेव्हा मी पाय टेकला.

"फुडें वाट ना गो बाय."
कुष्टो वेळीप. नाव मागाहून कळलं.
गळ टाकून बसलेला, अंगात
नातवाचा शाळेचा स्वेटर, बाह्या कोपरापर्यंतच.
"म्हजें घर थंय," म्हणाला
आणि हनुवटीने दाखवलं. बोटाने नाही, हनुवटीने,
शेजारचं घर दाखवतात तसं.

तोंडाला कचेरीची सवय. विचारून गेले:
चतुःसीमा?
मग वाटलं, काय हे विचारलं.
पण त्याला प्रश्न पाठ होता.
गळावरची नजर न काढता
तो एका सुरात सांगत गेला:
पूर्वेस देवचाराचा वड.
पश्चिमेस मावशीचं परसू, मध्ये कुंपण नाही.
उत्तरेस नदी.
दक्षिणेस रस्ता.
हाच. तुझ्या चाकाखालचा.

बावीस वर्षांत पहिल्यांदा
मी काही लिहून घेतलं नाही,
सही कुठे करायची तेही सांगितलं नाही.
पाण्यावर वारा येऊन गेला.
गळाला काही लागलं नव्हतं, त्याची त्याला
विशेष घाई दिसली नाही.

निघताना म्हणाला, "मे म्हयन्यांत यो.
आनीक अर्दो कोस वाट मेळटली तुका."

परतीचा चढ तोच, पण आता डोळ्यांना आधी दिसला.
पुढच्या चाकाची ओली रेघ
वडाच्या सावलीपर्यंत माझ्याबरोबर आली, मग वाळली.
कोणत्या वडाच्या, ते मी पाहिलं नाही.

रिवणात भजी-पावाची बशी पुढे ठेवत
हॉटेलवाला म्हणाला, कुठपर्यंत मजल मारली आज?
म्हटलं, दक्षिण सीमेपर्यंत.
त्याने माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं,
मग घड्याळाकडे.
"कारवार? एवढ्या सकाळी?"