कारीट

पट म्हणजे मासळीच्या खोक्याचं झाकण,
थर्माकोलचं, दोनदा साबणाने धुतलेलं,
तरी नाक जवळ नेलं की बांगडा.
त्यावर तबस्सुमने शंभर घरं आखलीत.
शाळेत ती पोरांना दोन डोंगर आणि मधला सूर्य शिकवते,
इथे तिने भुतं बसवली
आणि एकेकाला प्रेमाने पापण्या काढल्या.

सतराव्या घरात मुंजा, पिंपळासकट.
तिसाव्यात आसरा, विहिरीच्या काठावर केस विंचरत;
सातांपैकी मावल्या पाच,
दोघी पाण्याखाली आहेत असं समजायचं.
साठावर चकवा. तिथे डोळे मिटायचे,
बाकीच्यांनी तुमची सोंगटी हवी तिथे न्यायची,
उघडल्यावर विचारायचं नाही.
एकोणनव्वदावर देवचार, खांद्यावर घोंगडं, हातात काठी.
त्याला एक विडी दिली की तो थेट शंभरावर पोचवतो.
विडी खरी. पास्कूच्या बंडलातली.

पास्कू वेंगुर्ल्याच्या बंदरावर
बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो, एकटा,
म्हणून चतुर्दशीच्या आदल्या रात्री आम्ही दर वर्षी इथे.
बाहेर पोरं नरकासुराच्या पोटात गवत कोंबतायत,
त्याच्या मिशीवरून दोन वाड्यांची भांडणं चाललीत.
आत कॉम्प्रेसरची घरघर, अमोनियाचा डोळ्यांत शिरणारा वास,
आणि फाश्यांच्या जागी चार अर्धे चिंचोके.

भिवा मुंज्यावर पडला.
शिक्षा: टाकीपर्यंत एकट्याने जायचं, एकवीस मोजून परत.
भिवा गावभरच्या वायरी जोडतो, भुताबितांना मानत नाही.
परत आला तो कानाची पाळी चोळत.
"आत कोण तरी माझ्यावांगडा मोजी होतो."
"तुझोच आवाज, गाढवा," पास्कू म्हणाला.
"माझो एकवीसाक थांबलो," भिवा म्हणाला.

आम्ही हसलो. तेवढ्यात वीज गेली.
कॉम्प्रेसर थांबला तेव्हा कळलं
समुद्र इतका वेळ शेजारीच बोलत होता.

मोबाईलचा उजेड पाडला पटावर.
माझी गुंज, तबस्सुमचा शिंपला,
भिवाची सुपारी, पास्कूचा सोड्याच्या बाटलीचा बिल्ला.
आणि पहिल्या घरात एक कारीट.
हिरवं, लांबट, अंगावर फिकट पट्टे,
देठ अजून ओला.

मी नाय.
मी नाय.
मी पण नाय.
मी नाय, आईशपथ.
चारही झाले, तरी आम्ही क्षणभर
पाचव्यासाठी थांबलो.

"बसलाच आहे तर खेळू दे त्याला," तबस्सुम म्हणाली.
मग आळीपाळीने आम्हीच त्याचे चिंचोके टाकले.
काय नशीब घेऊन आलं होतं ते!
मुंज्याला बगल, आसरांच्या समोरून ताठ,
आणि नेमकं साठावर.
आता डोळे मिटायचे कोणी?
त्याला डोळे नव्हते, म्हणून आम्ही चौघांनी मिटले.
उघडले, तर ते होतं तिथेच.
मला त्याचीच जास्त भीती वाटली.

साडेतीनला देवचाराला विडी मिळाली,
कारीट शंभरावर पोचलं, पहिलं.
कोणी टाळी वाजवली नाही, कोणी भांडलंही नाही.
वीज आली, पास्कू उठला,
ट्रॉलरवाले लादीसाठी हाका मारत होते.
बाहेर पेटलेला नरकासुर मानेकडून वाकत होता
आणि त्याची मिशी शेवटपर्यंत जळत नव्हती.
तबस्सुमने सोंगट्या बिस्किटांच्या डब्यात भरल्या.
पाचही.
पुढच्या वर्षी ते वाळलेलं असेल,
डबा हलवला की आत बिया वाजतील.

घरी उटणं, कढत पाणी, खोबरेल तेलाचं डोकं.
तुळशीपुढे आईने माझं कारीट ठेवलेलं.
डाव्या पायाचा अंगठा दाबला, फट् झालं,
एक बी कपाळाला, रस जिभेवर, कडू जहर.
"मेलो गो नरकासुर," आई म्हणाली.
मी तोंड वाकडं करत म्हटलं,
होय,
हो मेलो.