किती बोअर

सदरमध्ये, मोठ्या रस्त्यामागच्या गल्लीत,
मुर्तुजाभाईंच्या दुकानात मी रजिस्टर लिहायचो.
परवाना क्रमांक, काडतुसांची संख्या, सही किंवा अंगठा.
बंदुका वर्षाला तीन-चार जायच्या,
त्याही बँकेच्या दरवानांकडे.
बाकी सगळे दिवस तेलाचा वास.

मे महिन्यात, कूलर नुसतीच गरम हवा फेकत असताना,
कळमेश्वरकडून एक माणूस आला. श्रावण भोयर.
संत्र्याची बाग. आज्याचा परवाना वारसानं नावावर,
तो प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत.
"कोल्हे लय झाले," म्हणाला,
"कोणती गोळी लागन, तेवढं सांगा मले."

भिंतीवर पाटी होती: शिकारीबद्दल विचारू नये.
तिच्यावरची धूळ मीच पुसायचो, दर सोमवारी.

मुर्तुजाभाईंनी पाटीकडे पाहिलं नाही.
हिरव्या बनातीवर त्यांनी
सोनार मणी मांडतो तशी तीन काडतुसं मांडली.

"ही पॉइंट टू टू.
तुरीची शेंग तडकावी एवढा आवाज.
नेम चुकून पोटात बसली, तर कोल्हा दोन वावरं पार करते
अन् तिसऱ्या दिवशी मरते, तुमच्याच विहिरीत.

ही तीनशे पंधरा. हिनं जागच्या जागी पडन.
पण ही कोल्ह्यापाशी थांबत नाही, भाऊ.
तुमच्या कोल्ह्याच्या मागं काय हाय?"

"धुरा."
"धुऱ्याच्या मागं?"
"नाला."
"नाल्याच्या मागं?"
भोयरनं टोपी काढून मांडीवर ठेवली.
"रोड," म्हणाला. मग जरा वेळानं, "आश्रमशाळा."

"अन् ही बारा बोअर.
एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे करा,
त्यातला एक जिच्यात बसन ती नळी.
छर्रे पसरतेत. चाळीस पावलांवर
कोल्ह्यापेक्षा संत्र्यालेच जास्त लागतेत."

नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.
मी तारीख लिहून पुढचा रकाना मोकळा ठेवला.

"करतेत काय कोल्हे? बकऱ्या?"
"बकऱ्या नाही जी. पाइप."
भोयरनं पिशवीतून ठिबकचा काळा तुकडा काढला, वीतभर,
जागोजागी टोचलेला.
"रात्रभर पाणी वाया. सकाळी झाडं कोरडी
अन् मधातच चिखल. त्याच्यात पायच पाय."

मुर्तुजाभाईंनी चष्मा बदलला.
ज्या व्हर्नियरनं चाळीस वर्षं नळ्या मोजल्या
तो त्या दाताच्या भोकात हलकेच उघडला,
खिडकीकडे धरून वाचला, पुन्हा वाचला.
"साडेचार मिलिमीटर."
मग माझ्याकडे पाहून, दर सांगावा तसं,
"पॉइंट वन सेव्हन सेव्हन. एअरगन."

भोयर हसला नाही. मीही नाही.
एवढ्या भोकातून एक बाग गळत होती
आणि पलीकडून कोणीतरी ते प्यायलं होतं.

"धुऱ्याच्या बाहेर एक टाकं ठेवून पाहा,"
मुर्तुजाभाई काडतुसं डब्यात टाकत म्हणाले.
"अन् नाहीच जमलं तर?"
"तर या. मी दुकान कुठं नेतो."

तो आला नाही.
टाकं ठेवलं, की दुसऱ्या दुकानात गेला, माहीत नाही.
त्याच्या नावापुढचा रकाना अजून मोकळा आहे.
दुकानही गेलं; तिथं आता मोबाइलची कव्हरं टांगतात.

हिशेब मिटवताना मी तो तुकडा मागून घेतला.
गोरेवाड्याच्या बाजूला राहतो मी आता.
रात्री एक कोल्हा सुरू करतो, मग तलावापलीकडचे सगळे;
बायको झोपेतच खिडकी लावून घेते.
मी त्या भोकावर करंगळी ठेवून पाहतो.
जात नाही.