एकच व्यक्ती

वांद्र्याच्या कोर्टाबाहेर, निळ्या ताडपत्रीखाली
टायपिस्ट विचारतो, आईचं नाव?
मी म्हणते, कोणतं?
तो मान वर करत नाही. सवय असावी.
दोन्ही सांगा.

बकुळा दामोदर चुरी, राहणार केळवे.
शैलजा हरेश्वर सावे, राहणार माहीम.
मधे एक ताट तांदूळ
आणि त्यात अंगठीनं ओढलेली तीन अक्षरं.
ते तांदूळ नंतर कुणीतरी शिजवले असणार.
नाव बदलल्याचा तेवढाच पुरावा होता.

राजपत्रात दिलं होतं का?
आई माझ्याकडे बघते.

जन्माची नोंद नाही.
नोंद नसल्याचा दाखला मात्र आहे,
पालघरहून आणलेला, गोल शिक्का, हिरवी शाई.
शाळेच्या दाखल्यावर एक जून.
वर्गातल्या अर्ध्या मुलींचा एक जून,
हेडमास्तरांनी एका दुपारी सगळ्यांना जन्म दिला.
मी नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीची, आई सांगते,
बाबा पानमळ्यातून धावत आले होते.
पौर्णिमा चालत नाही, टायपिस्ट म्हणतो.

ओहायोत पहिला फॉर्म भरला
तेव्हा तिच्यासाठी त्यात एक शब्द होता,
शब्दकोशात अर्थ: परका.
दुसरा अर्थ: परग्रहवासी.
नात्यापुढे चौकोन, चौकोनात खूण.
मग आणखी एका कागदावर मी लिहून दिलं
की ही बाई सरकारवर भार होणार नाही,
माझा पगार अमुक, घरात माणसं तीन,
हिला धरून चार.
फोनवर तिनं तो सगळा वाचून घेतला.
म्हणजे तू मला पोसणार, असं लेखी?
थोडं थांबून,
तुझ्या बाबांनी कधी लेखी दिलं नव्हतं.
आणि हसली. कशाला ते मी विचारलं नाही.

साक्षीदार हवा, जन्माच्या वेळी हजर असलेला,
म्हणजे तिच्याहून मोठा, आणि अजून असलेला.
यादी केली, खोडत गेलो.
उरली हेमूताई, वय त्र्याऐंशी, दहिसरला लेकाकडे.
रिक्षातून उतरली ती एका हातात काठी,
दुसऱ्या हातात सुकेळ्यांची पुडी.
मी ओटीवर होते, ती म्हणाली,
नऊ वर्षांची. आत घेतलं नाही मला. रडणं ऐकलं.
ऐकलं नको, वकील म्हणाले, हजर होते असं घाला.
हेमूताई हटून बसली.
ओटीवर होते, तर ओटीवरच लिहा.
शेवटी टायपिस्टनं तोड काढली:
‘सदर घरी उपस्थित होते.’
ओटी घरातच येते, नाही का, आजी?

मग ते वाक्य, ज्यासाठी आलो होतो.
बकुळा दामोदर चुरी व शैलजा हरेश्वर सावे
ही एकच व्यक्ती असून
मी वाचता वाचता अडते.
माझ्या जन्मदाखल्यावर आई शैलजा.
बकुळाला मूल नाही,
कुठल्याच कागदावर.
पाचशेच्या या स्टॅम्पवर आज
आमची ओळख होते आहे.

दोन्ही नावांनी सह्या करा.
शैलजा ती इंग्रजीत करते, झटक्यात,
बँक, रेशन, माझी प्रगतिपुस्तकं,
हात थांबत नाही.
दुसऱ्या सहीआधी चष्मा पुसते.
ही मराठीत केली तर चालेल?
बकुळाला इंग्रजी येत नव्हतं.

वकील म्हणतात, चालेल, भाषांतर जोडावं लागेल.

जिभेचं टोक ओठांत धरून आई लिहिते,
मोठं, पाटीवर लिहावं तसं, ठिपक्यांच्या रेघेबाहेर जाणारं.
बकुळे, वरची रेघ नीट ओढ,
हेमूताई म्हणते.
माझ्या उभ्या आयुष्यात
ही हाक मी पहिल्यांदा ऐकते,
आणि आई रेघ नीट ओढते.

नंतर फुटपाथवर, उसाच्या रसवाल्यापाशी
पुडी सुटते. काळपट, चिकट, गोड.
विमानात सुकेळी नेऊ देतात का गं?
आई मला विचारते, उत्तर हेमूताई देते.
आधी तुला नेऊ देतात का ते बघ.