दर मिलीमीटरला

डॉ. शलाका देवरे धुळ्यात भूल देतात,
दिवसाला पाच-सहा जणांना,
आणि रविवारी स्वतः जाग्या होतात
एका जुन्या, दोन सीटांच्या, बुटक्या गाडीत.
चाळीसगावला माझ्या शेडमध्ये शिरताना
उंबऱ्यालाच तिचं पोट घासलं.
डिकीत खोकं. चार कॉइलओव्हर,
निळ्या स्प्रिंगा, पुढे दहाच्या, मागे आठच्या.
"ह्याच बसवा. रेसवाले ह्याच घेतात."

दहाची म्हणजे दहा किलो ठेवा, एक मिलीमीटर दबेल.
वीस ठेवा, दोन.
इतका सरळ हिशेब माणसांत मी पाहिला नाही,
उधारीत तर नाहीच.

दाराशी स्टुलावर वडील, निंबा मिस्त्री.
चाळीस वर्षं उसाच्या ट्रकांचे पाटे ठोकले,
त्यात दोन्ही कान गेले.
त्यांनी निळी स्प्रिंग मांडीवर घेतली,
वेढे मोजले, चिमटीत तारेची जाडी धरली,
आणि बाईंकडे न बघता म्हणाले,
"हाई गाडीनी नही शे. हाई रस्तानी शे.
असा रस्ता कोठे शे?"

मग जिनिंगवरून चार काटे आणले,
कापूस मोजून मोजून पांढरे पडलेले.
चारी चाकांखाली एकेक. टाकी अर्धी. बाई स्टेअरिंगवर.
पुढचं डावं दोनशे एकसष्ट, उजवं दोनशे ब्याऐंशी.
"बाजूला कोण बसतं?"
मी हे सगळ्यांनाच विचारतो, काट्यासाठी.
त्या काचेतून समोरच्या टायरच्या ढिगाकडे बघत राहिल्या.
काटा चारशे ग्रॅमने हलला, स्थिरावला.
"धरा पन्नास."
मी सरकीचं पोतं ठेवलं त्या सीटवर,
आणि सवयीने बेल्ट लावला.
तेव्हा त्या हसल्या, इतक्या की
चारी काटे परत वाचावे लागले.

रात्री वहीत गणित.
स्प्रिंग चाकापासून आत बसते,
तिचं सगळं बळ चाकापर्यंत जात नाही.
सहाची घातली तर चाकापाशी पावणेचार उरते.
म्हणजे सेकंदाला दोन हेलकावे,
घाईत निघालेल्या माणसाची पावलं.
दहाची घातली तर पळणं.
पळत पळत कोण धुळ्याहून इथवर येईल,
खड्डे तर चालणाऱ्यालाही सोडत नाहीत.

पुढे सहा, मागे साडेचार. स्प्रिंगा बदलून मागवल्या.
"अजून खाली बसवा ना," त्या म्हणाल्या,
"मडगार्डमध्ये दोन बोटं दिसतात."
मी म्हटलं, ती दोन बोटं तुमचीच आहेत,
खड्ड्यात लागतील.

पहाटे साडेपाच, कन्नड घाट.
मी पोत्याच्या जागी.
तिसऱ्या वळणावर, मोरीजवळ,
डांबराचं ठिगळ आहे, नेमकं
गाडी पूर्ण कलते तिथे.
बाईंनी ब्रेक सोडला, नाक आत वळवलं,
बाहेरचं चाक दबलं, दबलं,
ठिगळावर उडालं
आणि परत आलं,
जसं झोपेतल्या माणसाने कूस बदलावी
आणि जाग येऊ नये.
त्या काही बोलल्या नाहीत.
वर, टपरीपाशी, इंजिन बंद करून म्हणाल्या,
"मागचं डॅम्पिंग एक क्लिक सैल करू?"
मी म्हटलं, दोन करा. मग एक परत घ्या.
चहा फार गोड होता.

शेडमध्ये आलो तर वडिलांनी काही विचारलं नाही.
पुढच्या मडगार्डवर तळहात ठेवून
गाडी एकदा खाली दाबली, सोडली.
ती वर आली, थांबली.
त्यांनी हात पँटला पुसला.

निळ्या चारही स्प्रिंगा माझ्याकडेच राहिल्या,
बाई न्यायला विसरतात, किंवा नाही विसरत.
माझी रेवा शाळेतून आली की
दहाच्या एकीवर पत्रा ठेवून उभी राहते,
दप्तरासकट एकवीस किलो.
"बाबा, मी दाबली का?"
दोन मिलीमीटर, मी सांगतो. वर थोडं.
ती खाली वाकून बघते. काही दिसत नाही.
मला म्हणते, खोटं.
आणि उडी मारते.