बिलात काय लिहू

भवानी पेठेत टिंबर मार्केटला
गाडी लावायला जागा मिळणं हेच अर्धं काम.
उरलेलं कुंदाताई शिंगवेकरांच्या टेबलावर:
"सगळं चालतंय हो. फक्त यादी दिसत नाही."

कसली यादी?
"आत काय काय टाकलंय त्याची.
ऑडिटवाल्यांनी मागितलीये. सोमवारपर्यंत."

खिडकी उघडते. वर मथळा, खाली पांढरं.
एक निळं वर्तुळ थोडं फिरतं,
मग तेही दमून निघून जातं.

आणि इकडे टॅली चालू,
प्रिंटर कुरकुरत बिलं काढतोय,
पत्त्यांचा एक अर्धा डाव कुणीतरी खाली दडवून ठेवलाय.
कुंदाताई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात.
घर माणसांनी भरलेलं,
आणि शिरगणतीवाला लिहून गेलाय: कोणी राहत नाही.

आधी सोपे उपाय. बंद करून चालू.
कॅबिनेट उघडलं तर आत सागवानाचा भुसा,
पीठगिरणीच्या भिंतीवर असतो तसा थर.
ब्लोअर मारला. सगळे शिंकलो.
यादी तशीच.
सिस्टिमच्या फायली तपासायला लावल्या:
चाळीस मिनिटं, दोन चहा,
शेवटी एक ओळ, की काहीही बिघडलेलं नाही.
असं सांगणारे डॉक्टरही मला भेटलेत.

"आता रजिस्ट्रीत जावं लागेल."
"कुठल्या, हवेलीच्या?"
नाही हो, आतल्या.
तसं तिथेही तेच म्हणा,
एका कागदात चूक, आणि मागची रांग खोळंबलेली.

त्रेसष्ट नोंदी. सगळ्यांची प्रत काढून ठेवली.
मग अर्ध्या बाजूला.
यादी दिसली! कुंदाताई शेटना हाक मारणार,
मी म्हटलं, थांबा.
काढलेल्यांतल्या अर्ध्या परत.
पांढरं.
त्यातल्या अर्ध्या.
बाहेर करवत ओंडक्याचं करत होती
तेच मी आत करत होते,
फक्त माझा भुसा पडत नव्हता.
आठ. चार. दोन.

एक.

नावाच्या जागी चौकोन, उद्गारचिन्हं, एक उलटा पडलेला प्रश्न.
जुन्या मराठी फॉन्टातलं नाव,
तो फॉन्ट मशीन बदलताना मागेच राहिला.
यादी इथवर यायची, अडखळायची,
आणि एक नाव वाचता येईना म्हणून
बासष्ट जणांवर अबोला धरायची.

प्रोग्रॅम मात्र धडधाकट.
दोन चौकटी, गोलाई आणि लांबी. खाली एक बटण.
"अय्या, हे तर तांबोळींचं!"

इस्माईल तांबोळी, मोजणीदार. कानावर पेन्सिल.
भाचा औंधच्या आयटीआयत होता,
त्याच्या मागे लागून लिहून घेतलेलं.
तेव्हापासून या दुकानाचं घनफूट न् घनफूट यातूनच निघतंय.
असतात कुठे आता?
"कोंढव्याला. की मुलीकडे गेले, बार्शीला?
मोठे शेट वारले तेव्हा आले होते."

अशी नोंद काढून टाकायची, ही पद्धत.
काढली तरी काम चालतंच,
यादीत तेवढं राहत नाही.
मी हे सांगितलं.
कुंदाताईंनी चष्मा पुसला. भुसा, म्हणाल्या.
"पण नाव नीट नाही का लिहिता येणार?"

येईल की. काय लिहू?
बाहेर ट्रक मागे घेताना कुणीतरी
येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या करत होतं.
"तांबोळी मोजणी. आम्ही असंच म्हणतो."

लिहिलं. यादी वरून खाली भरत आली,
आणि सगळी इंग्रजी नावं संपल्यावर, तळाला,
एकटं मराठी.
प्रकाशक: रिकामं. आकार: रिकामा.

सहाशे झाले. बिलात काय लिहू?
तपासणी, साफसफाई,
एक नाव.
त्यांनी पावती खिळ्याला टोचली.
सोमवारी ऑडिटवाला विचारणारच,
हे शेवटचं काय, लायसन्स कुठाय याचं.
त्याचं उत्तर कुंदाताई
आत्तापासूनच पुटपुटत होत्या.