वारा दाखवायचा दिवस

कानाझावा, जुलैचा शेवट. पेट्या उघडल्या.
आधी कापराचा वास बाहेर येतो, मग कापड.
नोह रंगमंचावर आडव्या दोऱ्या बांधून
आम्ही योद्धे वाळत घालतो.
वाळत म्हणजे सावलीतच. उन्हानं जर विटते.

हा हाप्पी. जाड, अस्तराचा,
आडदांड सेनापतींच्या अंगावर शोभणारा.
हा चोकेन. विरविरीत, फुंकरीनंही हलतो;
दरबारात बासरी वाजवत वाढलेल्या
आणि लढाईत दुपारपर्यंतही न टिकलेल्या पोरांचा.

टोपीचं टोक डावीकडे दुमडलं की गेंजी,
उजवीकडे दुमडलं की हेइके.
एवढ्याशा घडीवरून माणसं मेली,
इसोगाई म्हणतात, आणि दातांनी दोरा तोडतात.

उजवी बाही खांद्यावरून उतरवायची,
गुंडाळून पाठीशी खोचायची, झाला लढवय्या.
भांडायला अस्तन्या सारतात ना, तसंच.
फक्त इथं भांडणारा केव्हाच मेलेला असतो
आणि वाटेवरच्या साधूला थांबवून
आपलं मरण पुन्हा करून दाखवतो.
अंगावरच टाके घालावे लागतात त्याला.
श्वास धरा, मी सांगते.
भुतं ऐकतील एक वेळ. नट ऐकत नाहीत.

तळाशी पंख्यांची पेटी.
जिंकणाऱ्यांच्या पंख्यावर पाइन, आणि उगवता सूर्य.
त्यांची नाटकं मोजून तीन,
म्हणून पंखा अजून करकरीत, उघडताना कुरकुरतो.
हरणाऱ्यांच्या पंख्यावर सूर्य लाटांत बुडतोय.
त्याचा कागद तीनदा बदलला,
मुठीची जागा काळी, गुळगुळीत,
देवळाच्या उंबऱ्यासारखी.

शेवटच्या दोरीवर नवा चोकेन.
दीड वर्ष शिवत होते मी.
शरदात र्योहेइ त्याची घडी मोडणार होता.
मार्चमध्ये तो ओसाकाला गेला, लिफ्टच्या कंपनीत.
त्याची आई खोकंभर संत्री ठेवून गेली,
काही बोलली नाही.

इसोगाई एक्याऐंशीचे. साठ वर्षं दुसऱ्यांना नेसवलं,
स्वतः कधी पुलावरून रंगमंचावर आले नाहीत.
बाही कशी पडते ते तरी बघ, म्हणाले,
आणि माझ्यासमोर पाठ करून उभे राहिले,
बुजगावण्यासारखे, हात पसरून.

हाडं लागत होती बोटांना.
मी सुई ओवली.
श्वास धरा, म्हटलं.

धरला त्यांनी.